'आय हॅव अ डाउट': एकाच शब्दाचे दोन अर्थ सॉफ्टवेअर टीमला किती महागात पडतात?

हिंजवडीतल्या एखाद्या ऑफिसात संध्याकाळचा कॉल सुरू आहे असं समजा. पलीकडे अमेरिकेतली टीम आहे. पुण्यातला डेव्हलपर म्हणतो, 'आय हॅव अ डाउट.' त्याला फक्त एक प्रश्न विचारायचा आहे. पण पलीकडे ऐकणाऱ्याला वाटतं, हा आपल्या डिझाइनवर अविश्वास दाखवतोय. कॉलवर दोन सेकंद शांतता पसरते आणि ती का पसरली हे पुण्यातल्या माणसाला कळतही नाही.

मराठीत शंका 'विचारणं' वेगळं आणि शंका 'घेणं' वेगळं. शाळेत मुलं बाईंना शंका विचारतात, त्यात बाईंवर संशय नसतो. आपल्याकडच्या इंग्रजीत 'डाउट' हा शब्द त्याच अर्थाने रुळला. अमेरिकन माणसाच्या कानाला मात्र त्यात 'शंका घेणं'च जास्त ऐकू येतं. म्हणजे दोघंही इंग्रजीच बोलत होते, तरी भाषा एक नव्हती.

हे उदाहरण गमतीचं आहे, कारण यात कुणाचं फार नुकसान होत नाही. पण अशाच एका गोंधळाने एक अख्खं अंतराळयान गेलंय.

मंगळाच्या दारात नेमकं काय झालं?

११ डिसेंबर १९९८ ला नासाचं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान मंगळाकडे निघालं. मंगळाच्या हवामानाचा अभ्यास करणं हे त्याचं काम. साडेनऊ महिन्यांचा प्रवास करून २३ सप्टेंबर १९९९ ला ते मंगळापाशी पोहोचलं, ठरल्याप्रमाणे ग्रहाच्या मागे गेलं आणि परत कधीच दिसलं नाही. त्याचा सिग्नलही अपेक्षेपेक्षा ४९ सेकंद आधीच बंद झाला होता.

कारण तुम्ही कदाचित ऐकलं असेल. एका टीमने ब्रिटिश पद्धतीची एककं वापरली आणि दुसऱ्या टीमने मेट्रिक. हे खरं आहे, पण एवढंच सांगितलं की गोष्ट फार सोपी वाटते. जणू कुणीतरी गणितात बावळटपणा केला. मूळ प्रकरण त्याहून गुंतागुंतीचं आहे.

यानाचा तोल सांभाळण्यासाठी आत फिरणारी चाकं होती. चाकांचा वेग वाढत गेला की छोटे थ्रस्टर्स उडवून तो कमी करावा लागायचा. या यानाचं सौर पॅनेल एकाच बाजूला होतं, त्यामुळे सूर्यप्रकाशाचा दाब एकीकडेच जास्त पडत होता. परिणामी थ्रस्टर्स अपेक्षेपेक्षा दहा ते चौदापट जास्त वेळा उडवावे लागले. दर वेळी यानाला एक बारीकसा धक्का बसायचा. त्या धक्क्यांचा हिशोब यान बनवणाऱ्या 'लॉकहीड मार्टिन'चं जमिनीवरचं सॉफ्टवेअर एका फाइलमध्ये लिहायचं आणि ती फाइल कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या, म्हणजे 'जेपीएल'च्या, दिशादर्शन टीमकडे जायची.

फाइलमधला आकडा पाउंड-सेकंदांत होता. वाचणाऱ्यांनी तो न्यूटन-सेकंद समजून वाचला. दोन्हींत ४.४५ पटींचा फरक आहे. म्हणजे प्रत्येक धक्का प्रत्यक्षात होता त्याच्या पाव भागाहूनही कमी धरला गेला. एका धक्क्याने काही बिघडत नाही, पण महिनोन्महिने साचलेल्या धक्क्यांनी बिघडतं. मंगळाजवळून जाताना यानाची उंची सुमारे २२६ किलोमीटर असायला हवी होती. ८० किलोमीटरच्या खाली ते तगणारच नव्हतं. नंतर केलेल्या गणितात ती उंची ५७ किलोमीटर निघाली.

आता यातली खरी बोचणारी बाब. दोन्ही टीम्समध्ये कुठलं एकक वापरायचं, हे लेखी ठरलेलं होतं. फाइल कशी असावी याच्या दस्तऐवजात मेट्रिक एककांचाच उल्लेख होता. शिवाय काहीतरी चुकतंय, हे दिशादर्शन टीमच्या लक्षातही आलं होतं. सुरुवातीचे चार महिने फाइलच्या फॉरमॅटमध्येच चुका असल्यामुळे ती वापरताच आली नव्हती. एप्रिल १९९९ पासून फाइल वापरात आली आणि आठवडाभरात आकडे विचित्र दिसू लागले. टीमने त्याबद्दल ईमेल लिहिले. पण नासाच्या पद्धतीप्रमाणे जी औपचारिक तक्रार नोंदवायला हवी, ती नोंदवली गेली नाही. चौकशी समितीने नोव्हेंबर १९९९ च्या अहवालात एककांच्या चुकीसोबत दोन टीम्समधल्या अपुऱ्या संवादावरही बोट ठेवलं.

म्हणजे इथे भाषेचा गोंधळ दोनदा झाला. आकड्याला एकक नव्हतं, हा पहिला. आणि काळजी होती, पण ती ज्या शब्दांत मांडली ते शब्द समोरच्या व्यवस्थेला 'गंभीर' म्हणून ओळखता आले नाहीत, हा दुसरा. पहिल्याची चर्चा खूप होते. दुसरा मात्र कुठल्याही ऑफिसात रोज घडतो. 'जरा बघून घ्या ना' असा मेसेज टाकला जातो आणि बघणाऱ्याला त्यातली निकड कळतच नाही.

माणसं वाढवली की काम लवकर होतं का?

आयबीएममध्ये मोठे प्रकल्प सांभाळलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिलं. उशीर झालेल्या प्रकल्पात आणखी माणसं घातली की तो आणखी लांबतो, हे त्यांचं निरीक्षण आजही सांगितलं जातं. त्यामागे साधं गणित आहे. ५ जणांच्या टीममध्ये एकमेकांशी बोलणाऱ्या जोड्या होतात १०. १० जण असतील तर ४५. ५० जण असतील तर १,२२५. प्रत्येक जोडीत एखादा शब्द वेगळ्या अर्थाने वापरला जाऊ शकतो. ब्रुक्स यांनी पुस्तकातल्या एका प्रकरणाला बायबलमधल्या बॅबेलच्या मनोऱ्याचंच उदाहरण दिलं आहे. तिथे विटा, माणसं, वेळ सगळं होतं. भाषा तुटली आणि बांधकाम थांबलं.

सॉफ्टवेअरमध्ये हे जास्त जाणवतं, कारण इथे विटा दिसत नाहीत. घर बांधताना 'खिडकी' म्हटलं की गवंडी आणि मालक दोघंही एका भोकाकडे बोट दाखवू शकतात. 'कस्टमर' म्हटलं की बोट कुठे दाखवणार?

'सुरू' म्हणजे चालू नव्हे

समजा, एक टीम साखर कारखान्यासाठी सॉफ्टवेअर बनवतेय. टीममधली सगळी मुलं मराठी, कारखान्यातली माणसंही मराठी. भाषेचा प्रश्न येणारच नाही असं वाटेल. येतो, आणि पहिल्याच मीटिंगमध्ये येतो.

शेतकी विभागातले साहेब म्हणतात, 'आधी नोंद घ्या, मग प्रोग्राम लागतो.' डेव्हलपरच्या डोक्यात नोंद म्हणजे डेटाबेसमधली एक ओळ आणि प्रोग्राम म्हणजे तो स्वतः लिहितो तो. साहेबांच्या तोंडी 'नोंद' म्हणजे शेतकऱ्याने आपल्या प्लॉटमधल्या उसाची कारखान्याकडे केलेली नोंदणी: क्षेत्र, जात, लागणीची तारीख. आणि 'प्रोग्राम' म्हणजे कोणत्या प्लॉटला तोड कधी मिळणार त्याचं वेळापत्रक. साहेब 'ही नोंद रद्द करा' म्हणाले आणि डेव्हलपरने ती ओळच डिलीट केली, तर त्या उसाची नोंद झाली होती याचा पुरावाच जाईल. साहेबांना इतकंच म्हणायचं होतं की हा ऊस यंदा आपल्याकडे येणार नाही.

पुढे लागणीचा प्रकार येतो. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा. यातला 'सुरू' हा साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत होणाऱ्या लागणीचा हंगाम आहे. शहरात वाढलेल्या डेव्हलपरला ती यादी दिसली की तो 'सुरू' म्हणजे 'चालू प्लॉट' असं समजून मोकळा होतो. त्याने मग स्क्रीनवर फक्त 'सुरू' प्लॉट दाखवायची सोय केली, तर आडसाली आणि खोडव्याचे शेतकरी यादीतून गायबच. ज्याचा ऊस गायब होईल तो शेतकरी सॉफ्टवेअर कंपनीत फोन करत नाही. तो शेतकी ऑफिसच्या दारात येऊन उभा राहतो.

शेतकऱ्यांचीही तीच गत. डेव्हलपर सगळ्यांना 'फार्मर' नावाच्या एकाच टेबलात टाकतो. कारखान्यात मात्र सभासद वेगळा, बिगरसभासद वेगळा आणि कार्यक्षेत्राबाहेरून येणारा गेटकेन ऊस वेगळा. सभासदाला मतदानाचा हक्क असतो, सवलतीची साखर मिळते. हा फरक पहिल्या दिवशी विचारला नाही, तर दिवाळीच्या साखरेच्या वाटपाला कळतो, आणि तोपर्यंत कोडमध्ये हजार ठिकाणी 'फार्मर' पसरलेला असतो.

या दुखण्याला अमेरिकन सॉफ्टवेअर तज्ज्ञ एरिक इव्हान्स यांनी २००३ मध्ये 'डोमेन-ड्रिव्हन डिझाइन' या पुस्तकात एक नाव दिलं: 'युबिक्विटस लँग्वेज', म्हणजे सगळीकडे वापरायची एकच भाषा. कल्पना ऐकायला अगदी साधी आहे. ज्यांचं काम आहे ती माणसं आणि कोड लिहिणारी माणसं यांनी मिळून शब्द ठरवायचे. मग तेच शब्द मीटिंगमध्ये, कागदावर आणि थेट कोडमध्येही वापरायचे. कारखान्यात 'खोडवा' म्हणतात ना, मग कोडमध्येही खोडवाच. 'क्रॉप टाइप ४' नाही.

याचं कारण असं की शब्द वेगळे असले की प्रत्येक जण मनातल्या मनात भाषांतर करत बसतो. साहेब 'तोड' म्हणतात, ॲनालिस्ट 'हार्वेस्ट शेड्यूल' लिहितो, डेव्हलपर 'जॉब' असं नाव देतो आणि टेस्टर 'टास्क' तपासतो. चार माणसं, तीन भाषांतरं, आणि प्रत्येक वेळी थोडासा अर्थ सांडतो.

इव्हान्स यांच्या मांडणीतला याहून कामाचा भाग बरेच जण वगळतात. अख्ख्या संस्थेत एका शब्दाचा एकच अर्थ असायला हवा, असा हट्ट ते धरत नाहीत. कारखान्यातच बघा. शेतकी विभाग 'आपल्याकडे गाड्या किती?' असं विचारतो तेव्हा त्याला वाहतुकीचा करार झालेली वाहनं मोजायची असतात. वजनकाट्यावरचा माणूस 'आज किती गाड्या आल्या?' म्हणतो तेव्हा तो खेपा मोजत असतो. एकच ट्रॅक्टर दिवसात दोनदा आला तर त्याच्या दोन गाड्या होतात. दोघंही बरोबर आहेत. इव्हान्स सांगतात की प्रत्येक अर्थाची हद्द ठरवा. हद्दीच्या आत शब्द पक्का ठेवा, आणि हद्द ओलांडताना भाषांतर करा. याला ते 'बाउंडेड कॉन्टेक्स्ट' म्हणतात.

मंगळयानाची फाइल हीसुद्धा अशीच एक हद्द होती. तिथे भाषांतर करायला कुणी उभं नव्हतं.

मग सगळ्यांनी इंग्रजीच बोलायचं का?

कॉम्प्युटरला इंग्रजीच का लागते, हा प्रश्न जुना आहे. १९५० च्या दशकात ग्रेस हॉपर यांनी इंग्रजी शब्दांत आज्ञा देता येतील अशा भाषेवर काम सुरू केलं. त्याच आज्ञा फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही देता येतील, असं त्यांनी वरिष्ठांना दाखवून दिलं. वरिष्ठ खूश होण्याऐवजी धास्तावले. अमेरिकेत बनलेल्या मशीनला फ्रेंच कसं कळेल, असा त्यांचा आक्षेप होता, असं हॉपर पुढे सांगत असत. मशीनला अर्थात काहीच फरक पडत नव्हता.

माणसांना मात्र पडतो. जपानमधल्या 'राकुतेन' या इंटरनेट कंपनीचे प्रमुख हिरोशी मिकितानी यांनी २०१० मध्ये जाहीर केलं की कंपनीची भाषा आता इंग्रजी. हजारो जपानी कर्मचाऱ्यांना साधारण दोन वर्षांची मुदत मिळाली. 'टोइक' ही इंग्रजीची परीक्षा आणि त्यातले गुण बढतीशी जोडले गेले. कॅन्टीनचा मेन्यूसुद्धा इंग्रजीत आला. जपानमध्ये यावर बरीच टीका झाली. होंडाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी तर हा मूर्खपणा असल्याचं जाहीरपणे म्हटलं. गंमत म्हणजे पुढे २०१५ मध्ये होंडानेही देशोदेशींच्या शाखांमधल्या व्यवहारासाठी इंग्रजीच वापरण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं.

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या प्राध्यापिका सेडाल नीली यांनी राकुतेनचा काही वर्षं अभ्यास करून २०१७ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यातला एक निष्कर्ष अनपेक्षित आहे. जपानी कर्मचाऱ्यांना भाषा जड गेली, हे उघडच होतं. पण अमेरिकन कर्मचारी, ज्यांची भाषा आयतीच जिंकली होती, तेही पुढे नाराज झाले. इंग्रजी आली म्हणजे कंपनी आपल्यासारखी होईल असं त्यांना वाटलं होतं, पण इंग्रजीतून जपानी कार्यपद्धतीच त्यांच्यापर्यंत पोहोचली. सगळ्यांत बरं जमलं ते ज्यांची भाषाही वेगळी आणि संस्कृतीही वेगळी, अशा ब्राझील, जर्मनी, थायलंड वगैरे देशांतल्या लोकांना. दोन्ही गोष्टी शिकायच्याच आहेत, हे त्यांनी पहिल्यापासून गृहीत धरलं होतं.

नीली यांनी पामेला हाइंड्स आणि कॅथरिन क्रॅम्टन यांच्यासोबत केलेला आणखी एक अभ्यास थेट सॉफ्टवेअर टीम्सवर आहे. वेगवेगळ्या देशांत विखुरलेल्या सहा टीम्स आणि त्यांतले ९६ सदस्य. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. भाषा कमी-जास्त येण्यामुळे टीममध्ये 'आपण' आणि 'ते' असे गट कसे पडतात, हे त्यात पाहिलं गेलं. गट पडायला फक्त भाषेचा फरक पुरेसा नव्हता. कामावर ताबा कुणाचा, यावरून आधीच ओढाताण असली की भाषेचा फरक टोचू लागायचा. मग मीटिंगमध्ये दोन जण मातृभाषेत चार वाक्यं बोलले, तरी बाकीच्यांना ते मुद्दाम केल्यासारखं वाटायचं. ओढाताण नसेल तिथे तीच चार वाक्यं कुणाला खटकायची नाहीत.

पुण्यात काम करणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही. टीममध्ये तीन मराठी आणि एक तमिळ मुलगी असते. अडलेला बग मराठीत दहा मिनिटांत सुटतो, कारण विचार मराठीत लवकर होतो. पण नेमकं काय ठरलं, हे चौथ्या मुलीला दुसऱ्या दिवशी कोड बघून कळतं. मराठीत बोलण्यात चूक काहीच नाही. ठरलेली गोष्ट सगळ्यांना वाचता येईल अशा भाषेत दोन ओळींत लिहून टाकली नाही, तिथे घोटाळा होतो. आणि इंग्रजी चांगली येणाऱ्याचं म्हणणंच बरोबर मानलं जाण्याचा धोका याच्या उलट बाजूला उभा आहे. गावाकडून आलेल्या, कामात पक्क्या असलेल्या मुलाला चूक दिसते, पण चौदा जणांच्या कॉलवर इंग्रजीत वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. अशा वेळी आधी चॅटवर लिखित मत मागवणं आणि मग बोलणं, एवढ्याशा बदलानेही असा माणूस चर्चेत येतो.

आकड्यांचंही तसंच. दहा लाख आणि एक मिलियन एकच, पण स्वल्पविराम वेगळ्या जागी पडतो. ०३/०४ ही पुण्यात ३ एप्रिल असते आणि शिकागोत ४ मार्च. 'आज दिवसअखेर देतो' म्हणताना दिवस कुणाचा, हेही विचारून घेतलेलं बरं.

रुबीची गोष्ट

एकच भाषा नसतानाही मोठं काम उभं राहिल्याचं उदाहरण हवं असेल तर रुबी बघा. युकिहिरो मात्सुमोतो यांनी ही प्रोग्रामिंग भाषा १९९५ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध केली. भाषेतले शब्द इंग्रजी, पण माहिती, चर्चा, मदत सगळं जपानीत. त्यामुळे काही वर्षं जपानबाहेर ती फार कुणाला ठाऊकच नव्हती. १९९८ च्या सुमारास इंग्रजीत चर्चा करणारी मेलिंग लिस्ट सुरू झाली. २००० मध्ये डेव्ह थॉमस आणि अँडी हंट यांचं इंग्रजी पुस्तक आलं आणि मग बाहेरचे लोक आत येऊ लागले. २००४ मध्ये डेन्मार्कच्या डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी रुबीवर 'रेल्स' बनवलं आणि रुबी जगभर पोहोचली.

यात जपानी डेव्हलपरांना जपानी सोडावी लागली नाही. भाषा घडवणाऱ्यांच्या चर्चेसाठी वर्षानुवर्षं दोन मेलिंग लिस्ट शेजारी शेजारी चालल्या, एक जपानीत आणि एक इंग्रजीत. दोन्ही भाषा येणारी काही मोजकी माणसं इकडचं तिकडे सांगत राहिली.